शिखरं चार, खिंडी तीन: शरदातल्या निरभ्र दिवशी धारेवर

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन-तीन वर्षं एका वेळी एक शिखर, असे डोंगर करून झाले. आता शरदातला एखादा स्वच्छ, उन्हाचा दिवस गाठून एकाच धारेवरची चार शिखरं एका दिवसात जोडायची आहेत. हवा चांगली असेल तर त्यात अवघड काय? वेळेचा हिशोब कसा मांडायचा, सोबत काय घ्यायचं आणि कुठे सांभाळायचं?

अवघड काय, तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. अशा दिवशी पाऊस नसतो, ढग नसतात, बरेचदा वाराही नसतो. दिवस मात्र लहान असतो. दुपारी तीनला ऊन इतकं सोनेरी आणि ऊबदार असतं की उशीर झालाय हे मनाला पटतच नाही. हवा वाईट असली की माणूस आपोआप सावध होतो, वेळेत मागे फिरतो. चांगल्या हवेत त्याला आणखी एक शिखर खुणावतं. मी बावीस वर्षं लहानमोठे गट घेऊन धारांवर चालतोय. अंधारात चाचपडत उतरायची वेळ माझ्यावर ज्या ज्या दिवशी आली, ते सगळे दिवस निरभ्र होते.

दुसरी गोष्ट. चार शिखरं म्हणजे मधल्या तीन खिंडी. प्रत्येक खिंडीत तुम्ही मिळवलेली उंची घालवता आणि ती पुन्हा कमवायला लागते. शिखरावर पोचल्याचा आनंद असतो, फोटो असतात, चारी दिशा मोकळ्या दिसतात. खिंडीत यातलं काहीच नसतं. समोर नवा चढ उभा असतो आणि पायांना नुकताच उताराचा मार बसलेला असतो. पण पुढे जायचं की खाली उतरायचं हे ठरवायची जागा तीच. म्हणून माझी सवय अशी आहे की नकाशा उघडला की पेन्सिलीने आधी खिंडींना गोल करायचा, शिखरांकडे नंतर बघायचं.

खरं तर शिखर कशाला म्हणायचं हेसुद्धा खिंडच ठरवते. एखादा उंचवटा स्वतंत्र शिखर धरायचा की शेजारच्या डोंगराचा नुसता खांदा, हा वाद गिर्यारोहकांमध्ये जुना आहे. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने १९९४ साली आल्प्समधल्या ४,००० मीटरवरच्या शिखरांची अधिकृत यादी केली. तिच्यात ८२ शिखरं आली. मुख्य निकष साधा होता: लगतच्या खिंडीपासून शिखर निदान ३० मीटर वर उठलेलं हवं. स्कॉटलंडमध्ये सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली ३,००० फुटांवरच्या डोंगरांची यादी प्रसिद्ध केली. मधली खिंड किती खोल हवी याचा नेमका आकडा त्यांनी दिला नव्हता, त्यामुळे त्या यादीत आजवर भर पडत आली आणि नावं गळतही आली. सध्या तिच्यात २८२ डोंगर आहेत. त्याच देशातली कॉर्बेट नावाची यादी मात्र कडक आहे. २,५०० ते ३,००० फुटांमधला डोंगर, आणि सगळ्या बाजूंनी निदान ५०० फूट उतार हवाच. तुमच्या पायांच्या दृष्टीने फरक मोठा आहे. ३० मीटरच्या खिंडी असलेली चार शिखरं म्हणजे धारेवरची मोकळी चाल. १५० मीटरच्या खिंडी असलेली चार शिखरं म्हणजे मुक्कामाच्या ट्रेकचा चढ एका दिवसात. तेव्हा कोणी 'चार शिखरं केली' असं सांगितलं, तर मधल्या खिंडी किती खोल होत्या ते आधी विचारा.

आता हिशोब. एक नमुना मांडतो, आकडे तुमच्या धारेचे घाला. समजा पायथा २२० मीटरवर आहे. पहिलं शिखर ९६०, मग खिंड ८१०. दुसरं शिखर १,०१०, खिंड ८५०. तिसरं ९८५, खिंड ७९०. चौथं १,०६०, आणि तिथून थेट पायथ्याशी. एकूण चाल १५ किलोमीटर. नवखा माणूस सर्वांत उंच शिखरातून पायथा वजा करतो आणि म्हणतो, ८४० मीटरचा चढ आहे. प्रत्यक्षात ७४० अधिक २०० अधिक १३५ अधिक २७०, म्हणजे १,३४५ मीटर चढायचे आहेत. जादाचे पाचशे मीटर खिंडींमध्ये दडलेले आहेत, आणि ते दिवसाच्या उत्तरार्धात वाट्याला येतात. चौथ्या शिखराचे २७० मीटर सकाळच्या ताज्या पायांना काहीच वाटले नसते. तिसऱ्या खिंडीतून वर बघताना तेच दुप्पट दिसतात.

वेळ काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला नियम अजून उपयोगी पडतो. दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर २,००० फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात ढोबळ मानाने ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास. पुढे एरिक लँगमूर यांनी त्यात उताराची दुरुस्ती जोडली. उतार सौम्य असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करा, तीव्र असेल तर तेवढीच वाढवा. आपल्या नमुन्यात चालीचे ३ तास, चढाचे सव्वादोन, शेवटच्या उभ्या उताराचा अर्धा तास. झाले पावणेसहा. हा हिशोब न थांबता चालणाऱ्या काटक माणसाचा आहे. गटासाठी मी त्यावर तीस टक्के घालतो आणि शिखरांवरच्या थांब्यांचा एक तास वेगळा धरतो. साडेआठ तास होतात. सकाळी साडेसातला निघालात तर चार-सव्वाचारला खाली. सूर्यास्त पावणेसहाचा असेल तर दीड तास हातात उरतो, आणि तो उरलाच पाहिजे.

पहिल्या शिखरावर पोचलात की हिशोब तपासा. नियमाने दोन तास आणि तुम्हाला अडीच-पावणेतीन लागले, तर तीस टक्क्यांचा अंदाज बरोबर आहे. साडेतीन लागले असतील तर उरलेल्या दिवसालाही तेच प्रमाण लावा. पुढे भरून काढू, असं मनात येतं. एका लांब धारेवर गटाने गमावलेला वेळ पुढे भरून काढलेला मी आजवर पाहिलेला नाही.

कागदाच्या कडेला प्रत्येक खिंडीपुढे मी दोन वेळा लिहितो: पोचायची आणि सोडायची शेवटची. आपल्या नमुन्यात पहिली खिंड १०:४०, दुसरी १२:००, तिसरी १:३०. तिसऱ्या खिंडीतून चौथं शिखर आणि खालचा उतार मिळून पावणेतीन तास लागतात. सूर्यास्तापूर्वी तासभर आधी खाली पोचायचं तर खिंड दोनच्या आत सोडायला हवी. म्हणून तिथे लिहायचं: १:३०, उशिरात उशिरा २:००. दोन वाजून दहा मिनिटं झाली असतील तर चौथं शिखर त्या दिवसापुरतं संपलं. हा निर्णय आदल्या रात्री, घरात, टेबलाशी बसून झालेला असतो. खिंडीत उन्हात बसून तो घ्यायला गेलात की गटातला उत्साही माणूस जिंकतो.

खिंडीतून खाली उतरता येतं का, हे मात्र नकाशावरच पाहून ठेवा. प्रत्येक खिंडीला उतरायला सोपी बाजू असतेच असं नाही. समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे कडा आहे. ओढ्याची नळी वरून सोपी वाटते, पण ती खाली धबधब्याच्या टप्प्यावर जाऊन संपू शकते. तिच्यात शिरलेला माणूस खालीही जाऊ शकत नाही आणि वरही चढू शकत नाही. मी अशी खिंड शोधतो जिच्या एका बाजूला रुंद, गवताळ, मोकळी उतरण आहे. चार शिखरांच्या धारेवर अशी निदान एक वाट दुसऱ्या किंवा तिसऱ्या खिंडीतून हवी. नसेल तर ती धार एकदिवसीय पहिल्या प्रयत्नासाठी निवडू नका.

उजेडाबद्दल थोडं खोलात सांगतो. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात, आणि नेमका त्याच काळात दिवस सर्वांत वेगाने आटतो. किती वेगाने, ते अक्षांशावर अवलंबून आहे. ३० अक्षांशावर रोज साधारण दोन मिनिटं. ५७ अक्षांशावर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, रोज जवळपास पाच मिनिटं. तिथे आठवड्यात दिवस अर्ध्या तासाने लहान होतो. गेल्या रविवारी जमलेला बेत या रविवारी तसाच्या तसा जमेल असं गृहीत धरू नका. जिथे ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळं तासभर मागे घेतात, तिथे तर एका रात्रीत संध्याकाळ तासभर आधी येते. शिवाय पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो. तुमच्या पश्चिमेला दुसरी धार असेल तर ऊन त्याच्या कितीतरी आधी जातं. दरी त्याहून आधी काळवंडते. वरून खाली बघितलं की शेताच्या कडा, वाटेची रेघ, झाडांचे शेंडे असं सगळं एकाच निळसर रंगात मिसळलेलं दिसतं आणि तुमच्या अंगावर मात्र अजून ऊन असतं.

हे मी शिकलो तो दिवस सांगतो. अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तिघं होतो, ऑक्टोबर सरत आला होता, आणि दिवस असा की वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. तिसऱ्या खिंडीत दीडला पोचायचं होतं, पोचलो पावणेतीनला. तिथे बसून खाल्लं, पाय पसरले. कोणीच घड्याळाचं नाव काढलं नाही. चौथ्या शिखरावर चार वाजले. उतरण उत्तरेच्या अंगाने होती. त्या बाजूला दिवसभर ऊन पडलेलंच नव्हतं. सकाळचं हिव गवताच्या पात्यांवर तसंच पांढरं बसलेलं होतं, आणि एका तिरक्या कातळावरून पाझरणाऱ्या पाण्यावर काचेइतका पातळ बर्फाचा पापुद्रा धरला होता. तो दिसत नव्हता, कातळ नुसता ओला वाटत होता. माझ्या पुढे चालणाऱ्या मित्राचा पाय तिथून निसटला, त्याने हात टेकला आणि मनगट गेलं. गळपट्ट्याची झोळी करून हात गळ्यात बांधला. तिघांत मिळून एक टॉर्च होती. मी दोन पावलं पुढे जायचो, मागे वळून त्याच्या पायापुढे उजेड टाकायचो, मग तो दोन पावलं यायचा. पाचशे मीटर उतरायला अडीच तास लागले. वर ऊन असताना खाली हिव असू शकतं हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी फक्त ऊनच बघत होतो.

तेव्हापासून धार कोणत्या दिशेने चालायची हे ठरवताना मी शेवटच्या उताराचं तोंड कुठे आहे ते आधी बघतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेचा किंवा पश्चिमेचा उतार शेवटी आला तर उत्तम. दुपारभर तापलेला, कोरडा आणि उजेडातला असतो. दक्षिण गोलार्धात शरद मार्च ते मे असतो आणि ऊन उत्तरेच्या अंगावर पडतं, तिथे हे उलट धरा. अरुंद, खडकाळ, हाताला काम पडणारा टप्पा असेल तर तो दुपारच्या आधी आणि शक्यतो चढताना यावा. कातळावर चढणं उतरण्यापेक्षा सोपं जातं, कारण पाय ठेवायची जागा डोळ्यांसमोर असते. आणि पश्चिमेकडे तोंड करून दुपारची लांब चाल असेल तर ऊन सरळ डोळ्यांत येणार. शरदात सूर्य खाली असतो, टोपीची चोचही पुरत नाही. गडद चष्मा लागतोच. त्यातून उंचीवर दर हजार मीटरमागे अतिनील किरणांचं प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. गारव्यात ते जाणवत नाही आणि रात्री मान आणि कान भाजलेले असतात.

शरदातल्या सकाळची एक गंमत तुम्हाला नक्की भेटेल, तिची ओळख आधीच करून देतो. हवेचा दाब जास्त, आकाश निरभ्र, वारा शांत, अशा रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते. तिला लागलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून घरंगळत दरीत साठते. एरवी दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. अशा सकाळी चित्र उलटं असतं: दरी गोठलेली, वरती ऊबदार. दरीत धुकं भरतं आणि त्याच्या माथ्यावर जणू झाकण बसतं. तुम्ही पायथ्याशी उभे असता, दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि कोणीतरी म्हणतं, आज दिवस वाया गेला. जाऊ नका परत. रात्री तारे दिसले होते आणि वारा नव्हता, तर हे धुकं बहुतेक वेळा फक्त दरीपुरतं असतं. दोन-तीनशे मीटर चढलात की आधी डोक्यावरचा करडा रंग पांढरा होतो, मग पांढऱ्यातून निळा झिरपायला लागतो, भुवयांवरचे थेंब चमकतात, आणि चार पावलांत तुम्ही बाहेर असता. खाली ढगांचा समुद्र आणि त्यातून तुमची चार शिखरं बेटांसारखी वर आलेली. इतक्या वर्षांत हे कितीदा पाहिलं असेल, पण त्या चार पावलांना माझा गट अजून बोलायचा थांबतो, आणि मीही.

तिथे सूर्याकडे पाठ करून धारेच्या कडेशी उभं राहा आणि खालच्या धुक्यात बघा. तुमची सावली धुक्यावर पडलेली दिसेल आणि तिच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्याच्या रंगांची वलयं. जर्मनीतल्या हार्झ डोंगररांगेतल्या ब्रोकेन या १,१४१ मीटरच्या शिखरावरून या दृश्याला 'ब्रोकेन स्पेक्टर' हे नाव मिळालं आहे. योहान झिल्बरश्लाग यांनी १७८० साली त्याचं वर्णन केलं होतं. सूर्य खाली असला तरच सावली समोरच्या धुक्यावर पडते, म्हणून शरदातली सकाळ त्याला अनुकूल. शेजारी चौघं उभे असले तरी प्रत्येकाला वलय फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं. प्रकाश थेंबांवरून जवळजवळ ज्या वाटेने आला त्याच वाटेने मागे फिरतो, त्यामुळे तुमच्या डोळ्यांपर्यंत येणारं वलय तुमच्यापुरतंच असतं. कडेला उभं असताना पायाखाली आधी बघा, सावलीकडे मग.

पण याच धुक्याचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. ऊन चढलं की ते बहुधा विरतं. क्वचित विरतच नाही, किंवा संध्याकाळी हवा गार झाल्यावर पुन्हा भरतं. मग दिवसभर उन्हात चालून तुम्ही शेवटच्या तीनशे मीटरना धुक्यात शिरता, तेही मावळतीला. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं म्हणून खालच्या वाटेची दिशा कोणी टिपून घेतलेली नसते. म्हणून शेवटच्या शिखरावरून निघतानाच होकायंत्राने खालच्या वाटेचा रोख घेऊन ठेवा आणि सोंडेची एक-दोन ठळक वळणं लक्षात ठेवा. फोनमधला नकाशा जरूर वापरा, पण गारठ्यात फोनची बॅटरी झरझर उतरते. तो सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका, अंगाला लागून आतल्या खिशात ठेवा.

चालण्याबद्दल. पहिला तास हळू. दोघांना गप्पा मारता येतील इतका हळू. बहुतेक चार-शिखरी दिवस पहिल्या चढावरच बिघडतात, कारण सकाळी गारवा असतो, अंगात जोर असतो आणि सगळे धावत सुटतात. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पायथ्याशी जाकिटात उबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घामाने आतला कपडा भिजणार, आणि तो भिजलेला कपडा पहिल्या खिंडीत तुम्हाला छळणार. खिंडीत वारा दाटून येतो. रुंद दरीतली हवा अरुंद जागेतून जाते तेव्हा वेग घेते. ५ अंश तापमानाला ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला की उघड्या कातडीला ते उणे एक अंशासारखं वाटतं. म्हणून जेवणाचा थांबा कधीही खिंडीच्या मधोमध घेऊ नका. शिखराच्या थोडं खाली, वाऱ्याच्या आडोशाला, उन्हाच्या बाजूला बसा. वाऱ्याचं पातळ जाकीट सॅकच्या तळाशी घातलं तर ते नसल्यातच जमा, एका हाताने ओढता येईल असं ठेवा.

धारेवर पाणी नसतं, आणि शरदात वरचे झरे आटायला लागलेले असतात. अशा दिवसाला माणशी अडीच-तीन लिटर पाणी पायथ्यापासूनच घ्या. गारव्यात तहान लागत नाही म्हणून माणसं पीत नाहीत, आणि तिसऱ्या खिंडीत मांडीत गोळे येतात. खाणंही तसंच. एकदा पोटभर जेवण्यापेक्षा दर तासाला चार घास.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच डोंगराळ देशांत शरद हा शिकारीचा हंगाम असतो. जिथे जाताय तिथले फलक आणि सूचना आधी वाचा आणि ठळक रंगाचं काहीतरी अंगावर असू द्या.

उतारावर मी सर्वांत जास्त लक्ष देतो. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. प्रत्येक पावलाला ते शरीराचं वजन झेलतात, धरतात आणि हळूच खाली सोडतात. याच कामाने स्नायू जास्त दुखावतात. म्हणून दुखणं त्या दिवशी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं. तीन खिंडी उतरून आलेल्या मांड्या शेवटच्या ८४० मीटरना थरथरतात. तेव्हा पाऊल लांब टाकलं की गुडघा वळतो. पावलं लहान घ्या, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, काठ्या थोड्या लांब करा आणि पुढे टेकवा. निघण्याआधी बुटांच्या लेस सोडून पुन्हा बांधा, घोट्यापाशी घट्ट. नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. वाळलेलं सोनेरी गवत दिसायला गालिचा असतं, पण उभ्या उतारावर ते ओल्या गवताइतकंच सरकतं. त्याच्यावरून उतरताना पायाची कड रोवून, आडवं तिरकं उतरा. खाली जंगल असेल तर गळलेल्या पानांखाली ओली मुळं असतात. पानांच्या ढिगावर पाय टाकण्याआधी काठीने चाचपा. घसरल्याचे प्रसंग मी सर्वांत जास्त पाहिलेत ते याच शेवटच्या अर्ध्या तासात, अवघड टप्पा मागे पडल्यावर.

सामानात वेगळं फार नाही. नकाशा, होकायंत्र, उबेचा एक जादा थर, टोपी, हातमोजे, प्रथमोपचार, अंगाभोवती गुंडाळायची चमकदार पातळ चादर, शिट्टी. हेडलॅम्प मात्र प्रत्येकाचा स्वतःचा, आणि घरून निघताना पेटवून पाहिलेला. तिघांत एक म्हणजे काय होतं ते वर सांगितलंच आहे. अडकलात तर आल्प्सपासून प्रचलित असलेली संकटाची खूण लक्षात असू द्या: एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. आणि कुठून निघून, कोणत्या शिखरांवरून, किती वाजता परतणार हे घरी कोणाला तरी लिहून द्या. त्यात 'दुसऱ्या खिंडीतून उतरण्याची शक्यता' हेही लिहा.

दिवस निवडताना फक्त 'निरभ्र' एवढं बघू नका. शिखरांच्या उंचीवरच्या वाऱ्याचा अंदाज बघा, आदल्या रात्रीचं किमान तापमान बघा आणि त्या तारखेचा सूर्यास्त बघा. हंगामाच्या सुरुवातीचा दिवस मिळत असेल तर तोच घ्या. तीन आठवड्यांनी तेच ऊन, तेच रंग असतील, पण ५७ अक्षांशावर हातात दीड तास कमी असेल.

शेवटच्या शिखरावर पोचलात की फोटोच्या आधी एक करा. हात सरळ पुढे पसरा, तळवा आपल्याकडे वळवून बोटं आडवी धरा आणि क्षितिज किंवा पश्चिमेची धार ते सूर्याची खालची कड यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजा. सूर्याकडे थेट टक लावू नका. उंच अक्षांशांवर एका बोटामागे साधारण पंधरा मिनिटं ऊन उरलेलं असतं. ३० अक्षांशाच्या आसपास सूर्य जास्त सरळ खाली उतरतो, तिथे बोटामागे दहाच मिनिटं धरा. दोन हात वर-खाली लावून आठ बोटं मोजली गेली तर बसा, खा, मागे वळून तिन्ही खिंडी बघा. चारच भरली तर हेडलॅम्प सॅकमधून काढून खिशात ठेवा, लेस बांधा, खालच्या वाटेचा रोख घ्या आणि उतरायला लागा.